आत्या, कोंबड्या आता दुपारच्या झोपत का नाहीत?

माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे गोव्यात वर्षातून दोनदा येतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा नाताळच्या सुट्टीत. मे मध्ये त्याने परसात शेजारच्या काकीची उघड्या मानेची कोंबडी बघितली, राखेच्या खड्ड्यात एका कुशीवर आडवी, एक पंख पसरलेला, एक पाय मागे ताणलेला, चोच अर्धवट उघडी, आणि हा धावत आत, आत्या ती कोंबडी मेली. मेली बिली काही नव्हती. काकीने लांबूनच हातातला सूप आपटला तशी ती उठली, अंग झाडलं आणि सगळी राख ह्याच्या तोंडावर उडवून फणसाखाली जाऊन परत पेंगायला लागली. मग सुट्टीभर ह्याचा तोच उद्योग, जेवण झालं की कुठली कोंबडी कुठे झोपली ते बघत फिरायचं. डिसेंबरात आला तेव्हा पण पहिल्याच दिवशी जेवून हात न पुसता परसात पळाला आणि लगेच परत आला. आत्या, कोंबड्या आता दुपारच्या झोपत का नाहीत? मी म्हटलं थंडी आहे ना म्हणून. तो म्हणाला थंडीत तर जास्त झोप येते. आणि गेला बॅट घेऊन. मुलांचं बरं असतं, प्रश्न टाकून निघून जातात, मी आपली दुपारभर त्या कोंबड्यांकडे बघत बसले. खरंच, एकही झोपलेली नव्हती, सगळ्या पाचोळा उकरत होत्या, भर दोन वाजता.

मे मधली आमच्याकडची दुपार काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. एक वाजला की बाजारातली शटरं खाली, आणि त्यानंतर कोणाच्या दारात जायचं नाही हा कुठे न लिहिलेला नियम. मागे निवडणुकीच्या आधी एका नेत्याने सत्तेवर आलो तर दुपारी दोन ते चार झोपेची सुट्टी सक्तीची करू म्हणून जाहीर केलं होतं, बाकीच्या देशाने हसून घेतलं, आम्हाला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. त्या वेळेला वारा पडलेला असतो, काजूच्या बोंडांचा आंबूस वास कुठून कुठून येत असतो, लाईट गेलेली असते. मी सोप्यावर आडवी आणि पायरीखालच्या सावलीत कोंबड्या. अशा वेळी जवळून बघितलं की कळतं की कोंबडीची पापणी आपल्यासारखी वरून खाली पडत नाही, खालून वर चढते. आधी एक पांढुरका पातळ पडदा डोळ्यावरून सर्रकन फिरतो, मग खालची पापणी हळूहळू वर यायला लागते, अर्ध्यावर अडते, परत खाली जाते, कावळा ओरडला की डोळा टक्क उघडा, परत तेच. मान खांद्यात जाते. पंख अंगापासून सुटे धरलेले, कारण हिला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती चोच उघडी ठेवून धापा टाकत आणि पंखांखालून वारं घेत. म्हणजे ती झोप पण काही सुखाची नव्हे. चोच पाठीच्या पिसांत खुपसून गाढ झोपणं हे रात्रीचं, दुपारचं काम सगळं उभ्याउभ्या नाहीतर बसल्याबसल्या डुलक्यांवर भागतं.

आणि त्यातला एक डोळा बऱ्याचदा उघडाच. मला आधी वाटायचं जागी आहे, पण पक्ष्यांना अर्धा मेंदू झोपवून अर्धा जागा ठेवता येतो, जो डोळा उघडा त्याच्या विरुद्ध बाजूचा मेंदू जागा. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बदकं एका ओळीत झोपवून बघितली, तर कडेला असलेली बदकं मधल्यांपेक्षा जास्त वेळ असं अर्धवट झोपत होती, आणि उघडा डोळा बाहेरच्या बाजूचा. काकीच्या खुराड्यातल्या दांडीवर पण मधली जागा म्हातारीची, जी सगळ्यांना टोचते, आणि कडेला ती बिचारी काळी, जिला सगळे टोचतात. तिला पूर्ण झोप कधी मिळते देव जाणे. मिळते की नाही हेही ती कोणाला सांगणार.

भाच्याच्या प्रश्नाने मी खरं तर दुपार सोडून संध्याकाळकडे बघायला लागले. कारण दिवसाचा हिशोब तिथे लागतो. काकी पाचच्या पुढे तांदळाची कणी घेऊन अंगणात येते, 'बा बा बा' करते, आणि मग जे सुरू होतं ते बघण्यासारखं असतं. दिवसभर आरामात टिपणाऱ्या कोंबड्या आता हावऱ्यासारख्या खातात, गळ्याखालची पिशवी टम्म होईपर्यंत, कारण रात्रभर तेवढ्यावरच काढायचं असतं. मग एकेक करून दाराशी, आत बाहेर, आत बाहेर, भांडणं, ढकलाढकली, आणि अंधार पडायच्या आत सगळ्या दांडीवर. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे उशीर झालेली परवडत नाही. मे च्या शेवटी हा सगळा तमाशा सातच्या पुढे जातो. नोव्हेंबरच्या शेवटी काकी डालायला येते तेव्हा सहा पण वाजलेले नसतात आणि पोरं मैदानावरून यायच्या आधी खुराड्याची फळी लागलेली असते. काकीच्या हातात घड्याळ नाही, मोबाईल आहे तो आत चार्जिंगला. विचारलं तर म्हणते, गे बाय, तीच मला बोलावतात, मी कुठे त्यांना बोलावते.

आता आमचा गोवा म्हणजे विषुववृत्तापासून फार लांब नाही, साधारण साडेपंधरा अंशावर. त्यामुळे इथे सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये १३ तासांचा आणि सगळ्यात लहान डिसेंबरात सव्वाअकरा तासांच्या जवळ, फरक दोन तासांपेक्षा पण कमी. लंडनला तोच फरक पावणेनऊ तासांचा आहे. आपण माणसं एवढा फरक कशाला धरतोय, संक्रांतीला तिळातिळाने दिवस वाढतो म्हणून तिळगूळ खाल्ला की विषय संपला. गंमत म्हणजे तीळ पण तसा उशिराच वाढवतो आपण, दिवस २१-२२ डिसेंबरपासूनच मोठा व्हायला लागलेला असतो. आणि संध्याकाळ तर त्याहून आधी वळते. इथे सूर्य सगळ्यात लवकर बुडतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवसांत, सहाच्या आसपास, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीत, सातच्या पुढे. म्हणजे नाताळ यायच्या आधीच कोंबड्या संध्याकाळी थोड्या उशिरा आत जायला लागलेल्या असतात, आणि सकाळी मात्र पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजून गेला तरी खुराड्यात सामसूम.

गोव्यात ऋतू दोनच, पावसाळा आणि टुरिस्ट, असं म्हणणाऱ्या माणसांत मी पण आहे.

कोंबडीला हे कळतं कसं त्याची गोष्ट मला फार आवडली. नुसतं डोळ्यांनी नाही. १९३० च्या दशकात झाक बनवा नावाचा एक फ्रेंच संशोधक बदकांवर काम करत होता, त्याने दाखवलं की डोळे नसलेल्या बदकांनाही दिवस लांबल्याचं कळतं, कारण उजेड कवटीतून आरपार जाऊन थेट मेंदूच्या आतल्या भागाला लागतो. पक्ष्याची कवटी पातळ, वर थोडी पिसं, बस. शिवाय मेंदूच्या वरच्या बाजूला एक छोटी ग्रंथी असते ती पण स्वतःच उजेड ओळखते आणि अंधार झाला की मेलाटोनिन नावाचं रात्रीचं संप्रेरक सोडते, त्या ग्रंथीच्या पेशी कोंबडीच्या पिल्लातून काढून काचेच्या बशीत ठेवल्या तरी दिवस-रात्रीचा ताल धरून राहतात. म्हणजे ती काळी कोंबडी अंगणात मान खाली घालून मुंग्या टिपत असते तेव्हा तिच्या डोक्यात वरून ऊन झिरपत असतं आणि कुठेतरी आत नोंद होत असते, आज एवढा, काल एवढा. उघड्या मानेच्या कोंबडीला थोडं जास्त कळत असेल का असं मी भाच्याला गमतीत म्हटलं तर तो लगेच टोपी काढून उन्हात उभा राहिला.

पण दुपारच्या झोपेचं काय. युरोपातल्या साळुंकीसारख्या एका पक्ष्यावर, स्टारलिंगवर, नेदरलँड्समध्ये काम झालंय, २०२० मध्ये छापून आलं, तो पक्षी उन्हाळ्याच्या रात्रीत हिवाळ्यापेक्षा पाच तास कमी झोपतो, आणि पौर्णिमेच्या रात्री आणखी दोन तास कमी. पारव्यांवरचा एक प्रयोग २००८ चा, त्यांना दुपारच्या डुलक्या घेऊ दिल्या नाहीत तर रात्री ते जास्त गाढ झोपले. म्हणजे दुपारची डुलकी ही नुसती आळसाची नाही, ती रात्रीच्या खात्यातच जमा होते. आता नेदरलँड्सचा हिशोब आमच्या वाड्यावर लावणं बरोबर नाही, तिथे रात्र कितीतरी तासांनी कमीजास्त होते, आमच्याकडे पावणेदोन तासांचा खेळ. मे मधल्या आडव्या कोंबड्या उन्हाने आडव्या होतात, रात्र छोटी म्हणून नव्हे, असंच माझं मत होतं आणि बऱ्याच अंशी आहे. फक्त जून माझ्या मताच्या आड येतो. जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा, पण पाऊस लागलेला, हवा गार, आणि तरी दुपारी पागोळ्यांच्या आत भिंतीला लागून सगळ्या कोंबड्या एका पायावर, पिसं फुगवून, पापणी खालून वर. गरमी तर नाही मग ही झोप कसली? काकी म्हणते पावसात करणार काय, बाहेर जाता येत नाही म्हणून झोपतात, तू नाही झोपत? हे पण खरं. पण डिसेंबरात सव्वाअकरा तासांच्या दिवसात पोट भरायचं असतं आणि पुढे जवळजवळ तेरा तासांची रात्र उपाशी काढायची असते, तेव्हा भर दुपारी दोन वाजता डुलक्या काढायला कोणाला वेळ आहे, हे पण तेवढंच खरं वाटतं. झोप रात्री भरपूर झालेलीच असते.

पावसाळ्यात अजून एक होतं. आभाळ असं भरून येतं की दुपारी साडेतीनला घरात दिवा लावावा लागतो, आणि दोन-तीन कोंबड्या खुराड्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात, आत जाऊ की नको. जात मात्र नाहीत. आतलं घड्याळ म्हणतं अजून वेळ आहे, बाहेरचा उजेड म्हणतो रात्र झाली, आणि त्या मध्ये लटकलेल्या, मान वाकडी करून वर बघत. काकी अशा वेळी हटकून १९८० च्या ग्रहणाची गोष्ट काढते. १६ फेब्रुवारी, शनिवार दुपार, कारवार-अंकोल्याकडून पूर्ण अंधाराचा पट्टा गेला आणि आमच्याकडे जवळजवळ पूर्ण ग्रहण होतं. काकी तेव्हा नवी नवरी, सासूने सगळ्यांना घरात कोंडून ठेवलेलं, पाण्यात तुळशीची पानं टाकलेली, आणि ही खिडकीच्या फटीतून बघतेय तर कोंबड्या ओळीने आंब्याच्या खालच्या फांदीवर चढल्या, कणी न खाता. थोड्या वेळाने उजेड आला तेव्हा कोंबडा खाली उतरून असा काही आरवला की सासरे घरातून ओरडले, आता पुरे. जानेवारी २०१० च्या दुपारी ग्रहण लागलं तेव्हा बराचसा सूर्य झाकला गेला होता तरी परसात काहीच झालं नाही, ऊन थोडं फिकं पडलं, कोंबड्या आपल्या उकरत बसल्या. काकीला ते ग्रहणच वाटलं नाही.

कोंबड्याचं आरवणं नुसतं उजेडावर नाही हे मात्र मला उशिरा कळलं. जपानमध्ये नागोयाला २०१३ साली कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून बघितले तरी ते आपल्या आतल्या घड्याळावर पहाटेच्या आधी आरवत होते. नंतर असंही निघालं की आधी सगळ्यात वरचढ कोंबडा आरवतो, बाकीचे आपापल्या नंबराने. आमच्याकडे पहाटे घाटाच्या बाजूने रानकोंबड्याची हाक पण येते, म्हादईच्या जंगलाकडून, तुटक, घोगरी. आपल्या घरच्या कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आलेल्या, पण पिवळ्या पायांचा गुण मात्र ह्या आपल्या करड्या रानकोंबड्याकडून आलाय असं २००८ च्या एका अभ्यासात निघालं. तेव्हापासून काकीच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांना मी जरा मानाने वागवते.

ह्या सगळ्यात पैशाचा विषय येतो तो अंड्यांमुळे. दिवस लहान व्हायला लागला की कोंबडी पिसं टाकते, अंडी कमी करते, काही तर थांबतातच. एरवीसुद्धा एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते, दुपार उलटली की एक दिवस खाडा. भरपूर अंडी हवी असतील तर तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो, आणि आमचा सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांचा. तो पण ढगात गेलेला. आणि नेमकं जेव्हा अंडी कमी, तेव्हाच नाताळ. बिबिंकेला, म्हणजे आमच्या थराथराच्या गोड पदार्थाला, पिवळे बलक लागतात ते थोडेथोडके नाही, एकेका थराला, वरून केक. दोदोल वगैरे बिनअंड्याचं गोड सोडलं तर सगळीकडे अंडंच. काकीकडे डिसेंबर लागला की पलीकडच्या वाड्यावरच्या बाया गावठी अंड्यांसाठी पिशव्या घेऊन येतात, कारण त्यांच्या मते बलकाचा तो रंग ट्रकमधून घाटावरून येणाऱ्या पांढऱ्या अंड्यांना येत नाही. आणि काकी खुराड्यात हात घालून एक नाहीतर दोन काढते. वर्षात जेव्हा भाव सगळ्यात चांगला तेव्हा दुकान बंद, असा हा धंदा.

ती पांढरी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना बारा महिने सोळा तास उजेड असतो. म्हणजे लंडनचा जून महिना, पत्र्याच्या शेडमध्ये, कधीच न संपणारा. मांसाच्या कोंबड्यांना तर कित्येक ठिकाणी तेवीस तास दिवा ठेवायची पद्धत होती, जागी राहिली की खात राहते म्हणून. युरोपात २००७ मध्ये नियम करावा लागला, चोवीस तासांत निदान सहा तास अंधार आणि त्यातले चार तास सलग. हे वाचलं तेव्हा मला पहिलं काय वाटलं असेल तर हे की सलग चार तास अंधारात झोप, मला तरी कधी मिळते? माझ्या कामाचे कॉल अमेरिकेच्या वेळेप्रमाणे, दिवा माझ्या टेबलावर, आणि खिडकीबाहेर नवीन आलेला पांढरा एलईडी. दुसरं जे वाटलं ते जरा कमी विनोदी होतं. मी ती अंडी रोज खाते. ट्रकवाली. काकीची परवडतात कुठे.

गावातल्या कोंबड्यांच्या अंधाराला पण काही कमी धक्के नसतात. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे, चौकात स्पीकरच्या भिंती, रंगीत लाईट आभाळात फिरतायत, पहाटे जाळेपर्यंत कोणी झोपत नाही, आणि खुराड्याच्या फळीच्या फटीतून निळं-लाल आत. दुसऱ्या दिवशी फराळाच्या वेळेला अंगणात कोंबड्या जिथे उभ्या तिथे पेंगतात, पोरं पण सोप्यावर तशीच पडलेली. तेवढ्या एका दिवशी थंडीच्या तोंडावर सुद्धा कोंबड्या दुपारच्या झोपतात. भाचा नेमका दिवाळीत येत नाही नाहीतर त्याला दाखवलं असतं. फोनवर सांगितलं तर म्हणाला, म्हणजे त्यांना रात्री झोप मिळाली की दुपारी लागत नाही, एवढंच ना? एवढंच बहुतेक. उन्हाचा भाग मी सांगायला गेले तोपर्यंत त्याने फोन आईकडे दिला होता.

गेल्या नोव्हेंबरात काकीच्या मुलाने खुराड्यात बल्ब लावायचं काढलं. हिशोब साधा, संध्याकाळी तीन तास दिवा, नाताळला अंडी. मी त्यात पडायला नको होतं पण पडले, म्हटलं संध्याकाळी नको, बल्ब फटकन बंद झाला की ज्या खाली असतील त्यांना दांडी दिसणार नाही, रात्रभर जमिनीवर एकमेकींच्या अंगावर बसतील, लावायचा तर पहाटे लावा, मग दिवस आपोआप उजाडतो. पोल्ट्रीवाले बरेचजण तसंच करतात. मुलाला पटलं, म्हापशाच्या बाजारातून टायमर घेऊन आला. मला मात्र मनातून वाटत होतं की तो चालू नये. वर्षभर घातलेली अंडी पुरे नाहीत का, आता जरा पिसं बदलू दे, झोपू दे. पण हे बोलायला मी कोण, कणी माझी नाही, शेणपाणी माझं नाही, आणि काकीला ते चार पैसे कशाला लागतात ते मला माहीत आहे.

टायमर दोनच दिवस चालला. पहिल्या पहाटे चारला दिवा लागला आणि कोंबडा आरवायला लागला, त्याचं ऐकून पलीकडच्या वाड्यावरचे, मग कुत्रे. दुसऱ्या दिवशी समोरचे भाऊ अंगणात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते कमरेवर हात. काकीने मुलाला बोलावून वायर काढायला लावली. अंडी नाही तर नाही, म्हणाली, येणाऱ्या बायांना मी सांगेन जानेवारीत या. बाया कुठल्या थांबतायत, त्यांनी ट्रकची घेतली, बिबिंक फिकी झाली असेल तर आम्हाला कोणी सांगितलं नाही. टायमर आता कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पंपाला लावलाय आणि तिथे तो छान चालतो.